ठळक अक्षरातलं २.४

रिपोर्ट आला तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. उजवा पाय दोन उशांवर टाकून मी टीव्हीसमोर पडलो होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पानांची पीडीएफ. हिमोग्लोबिन १३.९, ठीक. प्लेटलेट तीन लाख दहा हजार, ठीक. पांढऱ्या पेशी १४,८००, म्हणजे वाढलेल्या, पण पायात इन्फेक्शन होतं, त्या वाढणारच. त्याच्या बरंच खाली एक ओळ होती, जी मी आयुष्यात कधी वाचली नव्हती. इमॅच्युअर ग्रॅन्युलोसाइट्स, आयजी, २.४ टक्के. ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. रेंज ० ते ०.५.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सत्तावीस वर्षं झाली. टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, पाचपट बाहेर गेलेला जॉब, म्हणजे नग, समोर आला तर मी चर्चा करत नाही, लाल टॅग लावून बाजूला ठेवतो. इथे २.४ भागिले ०.५, जवळजवळ पाचपट, आणि जॉब मी स्वतः.

बायको म्हणाली, "अहो, आयजी म्हणजे ते अ‍ॅलर्जीचं ना? आपल्या पोरीची नव्हती का केली, आयजीई?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग शोधलं. ते आयजी वेगळं, ते अँटिबॉडीचं. हे आयजी म्हणजे वयात न आलेल्या पांढऱ्या पेशी. आणि 'रक्तात अपरिपक्व पांढऱ्या पेशी' असं मोबाइलवर टाकलं की तिसऱ्या ओळीला कोणता शब्द येतो हे मी सांगायला नको. बायकोने फोन काढून घेतला आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. रात्री दोनला मी लंगडत जाऊन तो परत आणला. ती जागीच होती, काही बोलली नाही.

आता पायाचं सांगतो. माझा मोठा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी असते, तेव्हा मी दोन दिवस 'मदतीला' जातो. मदत कमी आणि वहिनीच्या हातचं पिठलं जास्त. या वेळी मांडवाची एक तुटकी तार नडगीला लागली. एवढीशी चीर. बोअरच्या पाण्याने धुतली, वर हळद दाबली, विसरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप. शेजारच्या गावात एक डॉक्टर आहेत, त्यांनी दोन इंजेक्शनं दिली. एक धनुर्वाताचं आणि दुसरं 'तापाचं'. दुसरं कसलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी मी असा टणटणीत उठलो की नाशिकला येऊन थेट कामावर गेलो. बुधवारी रात्री पाय भोपळ्यासारखा सुजला, लालबुंद, हात लावला तर तव्यासारखा गरम.

गुरुवारी सकाळी आमच्या इंदिरानगरच्या डॉक्टरांकडे. वीस वर्षांचे फॅमिली डॉक्टर. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, सेल्युलायटिस. त्वचेखाली जंतू पसरलेत. अँटिबायोटिक, पाय वर ठेवून आराम, रक्त तपासा. आणि मग त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून लालीच्या कडेकडेने माझ्या पायावर रेघ ओढली. "ही रेघ ओलांडून लाल पुढे गेलं तर मला फोन करायचा. रात्री दोन वाजले तरी." मला ते फार आवडलं. लिमिट कागदावर नाही, जॉबवरच मारलेली.

रक्त न्यायला दुपारी एक पोरगा बाइकवर आला. जांभळ्या बुचाची एक नळी भरली, बॅगेत टाकली आणि गेला. त्याचाच तो रात्रीचा रिपोर्ट. कुणाची टीप नाही, शेरा नाही. नुसता आकडा आणि बाण. लॅबचं नाव सांगत नाही, पण एवढं नक्की म्हणतो: असला आकडा रात्री पावणेदहाला माणसाच्या हातात द्यायचा तर खाली एक ओळ लिहायला हवी होती, 'संसर्गातही वाढतो'. एवढ्या दोन शब्दांनी आमच्या घरातली एक रात्र वाचली असती.

शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पायरीवर. डॉक्टरांना मी मोबाइल दाखवायला गेलो तर म्हणाले, "आधी पाय." लाली रेघेच्या बोटभर आत आली होती. मग त्यांनी रिपोर्ट घेतला आणि मला वाटलं होतं तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर झालं नाही. त्यांनी विचारलं, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का, हिरड्यांतून रक्त, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं होतं का. टेबलावर झोपवलं आणि डाव्या बरगड्यांच्या खाली बोटं रुतवून म्हणाले, मोठा श्वास घ्या. परत एकदा. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून हाताला लागते का बघत होते, हे नंतर कळलं. लागली नाही.

"गावाला इंजेक्शन घेतलंत? कसलं?"

"तापाचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तापाचं म्हणजे बहुतेक स्टिरॉइड. म्हणून मंगळवारी तुम्ही घोड्यासारखे पळालात." स्टिरॉइडनेही पांढऱ्या पेशी वाढतात, म्हणाले. आपल्या रक्तातल्या कितीतरी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. त्या मोजल्या जात नाहीत, कारण सुईत येतं ते वाहतं रक्त. स्टिरॉइड मिळालं की त्या भिंत सोडून प्रवाहात येतात, आणि काउंट वर. म्हणजे माझ्या १४,८०० मध्ये किती जंतूंमुळे आणि किती त्या इंजेक्शनमुळे हे आता कोण वेगळं करणार? "पण एकट्या स्टिरॉइडने कोवळ्या पेशी सहसा इतक्या येत नाहीत. त्या इन्फेक्शनच्या असाव्यात. मशीनने बोट दाखवलंय, आता डोळ्याने बघून घेऊ." त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: पेरिफेरल स्मिअर, सीआरपी, एचबीएवनसी. म्हणजे रक्त काचेवर पसरून बघणं, शरीरातली सूज किती ते, आणि गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर.

कॅनडा कॉर्नरजवळ एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमची छोटी लॅब आहे, तिथे पाठवलं. रिक्षात मुंबई नाक्याच्या सर्कलला वीस मिनिटं अडकलो, त्यातच आदल्या दिवशीची नळी वापरता येईल का असं बायको फोनवर त्या पहिल्या लॅबला विचारत होती. मॅडमनी ऐकूनच मान हलवली. "नळीत तासन्‌तास पडलेलं रक्त स्लाइडवर घेतलं की पेशी सुजतात, केंद्रकं बिघडतात. मग नसलेला आजार दिसायला लागतो. ताजं देऊन टाका काका."

मी त्यांना सांगितलं की मी इन्स्पेक्शनमध्ये आहे, मायक्रोस्कोप रोज हाताळतो, मला बघता येईल का. असं कुणी विचारत नाही बहुतेक. त्या हसल्या आणि म्हणाल्या, गर्दी ओसरू द्या, बारा वाजता या.

बारा वाजता मी तिथे होतो. टेक्निशियन मुलीने रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीच्या टोकाला ठेवला, दुसरी पट्टी तिरकी धरून त्याला टेकवली, थेंब कडेने पसरला आणि तिने एका झटक्यात ती पट्टी पुढे सारली. जिभेच्या आकाराचा पातळ थर. घोटलेल्या हाताचं काम ते, हात थबकला की थरात पट्टे पडतात. मी तिला म्हटलं, आमच्याकडे जॉबवर मार्किंगचा निळा रंग असाच पातळ लावतात. तिला काही ते पटलं नाही. मग लाइशमन स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून लावायचा रंग, दोन मिनिटं तसाच. त्यावर बफरचं पाणी, आणखी आठ-दहा मिनिटं. धुऊन पट्टी उभी करून वाळवली. त्या दहा मिनिटांत मॅडमनी एका जुन्या पाकिटाच्या मागे सहा गोल काढले.

पहिला गोल जवळजवळ सगळा भरलेला. "ही मायलोब्लास्ट. इथून सुरुवात. मग प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड. आणि ही शेवटची, तयार न्यूट्रोफिल." डावीकडून उजवीकडे पेशी एकंदरीत लहान होत गेली आणि आतल्या केंद्रकाचा आकार बदलत गेला. गोल, मग एका बाजूने आत दबलेलं, राजम्याच्या दाण्यासारखं, मग घोड्याच्या नालासारखं, आणि शेवटी दोरीला गाठी मारल्यासारखे तीन-चार तुकडे. हा सगळा प्रवास हाडांच्या आतल्या मगजात होतो आणि त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. बाहेर रक्तात आली की न्यूट्रोफिल काही तास फिरते, फार तर दिवसभर. म्हणून मगजाला रोज नवा माल काढावा लागतो. किती? धडधाकट माणसात दिवसाला दहा हजार कोटी. मी दोनदा विचारलं. दहा हजार कोटी.

शाळेत जोसेफ आर्नेथ हे नाव आपल्याला कुणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या जर्मन डॉक्टरने न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे मोजून त्यांचे तक्ते मांडले, कमी तुकड्यांच्या कोवळ्या पेशी डावीकडे. रक्तात कोवळ्या पेशी वाढल्या की तक्ता डावीकडे झुकतो. डॉक्टर मंडळी आजही 'लेफ्ट शिफ्ट' म्हणतात ते त्यातूनच. मला 'डावीकडे सरकलंय' हे ऐकून आधी हृदयाचं काहीतरी वाटलं होतं.

"मग त्या रक्तात आल्याच कशा?" मी विचारलं. त्या उत्तर देणार त्याआधीच मला आमच्या शॉपमधला मार्च महिना आठवला. वर्षअखेरीचं डिस्पॅच डोक्यावर असतं, ऑर्डर संपत नाही, आणि मग सुपरवायझर आयटीआयच्या ज्या पोरांना अजून सहा महिने नुसतं बघायला उभं करायचं, त्यांनाच मशीनवर उभं करतो. पोरं काही वाईट नसतात. आधी यायला नको होती, एवढंच. मी हे बोललो तर मॅडम म्हणाल्या, "अगदी हेच. जंतू आले, मगजाने गोदामातली तयार पेशी आधी दिली, मग बँड दिल्या, मागणी थांबेना म्हणून त्याच्या मागच्यांनाही सोडलं. प्रश्न हा असतो काका, की शॉपमध्ये घाई आहे म्हणून पोरं आलीत, की भरती खात्यातच काहीतरी बिघडलंय आणि कुणीही कुठूनही घुसतंय." ते दुसरं म्हणजे मी रात्री मोबाइलवर वाचत होतो ते.

स्लाइड तयार झाली. तिच्यावर तेलाचा एक थेंब टाकून शंभरची लेन्स त्यात बुडवली. मी डोळा लावला.

मला वाटलं होतं लाल दिसेल. फिकट गुलाबी दिसलं, जसं पाण्यात कुंकू सांडावं, आणि त्या गुलाबी चकत्यांच्या गर्दीत मधूनच एखादी जांभळी पेशी. मॅडम बाजूच्या काउंटरवर बोट ठेवून होत्या. प्रत्येक पेशीच्या जातीला एक बटण, टक्‌ टक्‌, शंभर झाल्या की घंटी. "ही बघा बँड." नाल खरोखरच दिसली. नेमकी घोड्याची नाल. "यातले काळसर ठिपके दिसतात? टॉक्सिक ग्रॅन्यूल. पेशी घाईत बाहेर आली की हे असे राहतात. हे इन्फेक्शनच्या बाजूने बोलतात." मग थोडं सरकवून, "आणि ही तुमची २.४ मधली एक." राजम्याचा दाणा. माझ्या शरीरातला, नडगीच्या एका चिरेसाठी मुदतीआधी कामावर आलेला. मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. मागे मुलगी म्हणाली, मॅडम, पेशंट थांबलेत.

मोजणी झाली. शंभरात बँड नऊ, मेटामायलोसाइट दोन, मायलोसाइट एक. ब्लास्ट, म्हणजे ती सुरुवातीची मायलोब्लास्ट, एकही नाही. मी लगेच म्हटलं, म्हणजे तीन झाले की, काल २.४ होते, वाढले.

इथे त्यांनी मला माझ्याच धंद्यात पकडलं. "तुम्ही दहा हजारांच्या लॉटमधून शंभर नग काढता आणि त्यात तीन खराब निघाले, तर लॉटमध्ये तीनच टक्के खराब म्हणता का?" नाही म्हणत. शंभरात तीन निघाले तर खरं प्रमाण एक टक्क्याच्या खालीही असू शकतं आणि आठ टक्केही असू शकतं. हे मी ट्रेनी पोरांना फळ्यावर शिकवतो. मशीन शंभर नाही, हजारो पेशी मोजतं. लाल पेशी फोडून टाकतं, उरलेल्यांना एक चमकणारा रंग लावतं आणि एकेक करून लेसरसमोरून पळवतं. कोवळ्या पेशीत आरएनए जास्त, म्हणून ती रंग जास्त धरते, जास्त चमकते. टक्केवारीच्या नेमकेपणात मशीन पुढे. पण ती पेशी नेमकी कोण, दिसते कशी, आत ठिपके आहेत की नाहीत, तिच्याबरोबर एखादी ब्लास्ट तर नाही, हे ओळखणं डोळ्याचं काम. आणि एक बारकावा: मशीनच्या त्या आयजीमध्ये बँड धरलेल्याच नसतात. त्या न्यूट्रोफिलमध्येच जातात. आयजी म्हणजे प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट एवढ्या तीनच. ब्लास्ट त्यात नाहीत, त्यांचा इशारा मशीन वेगळा देतं. म्हणजे मी रात्रभर ज्या आकड्याला ब्लास्ट समजून बसलो होतो, त्यात त्या नव्हत्याच.

रेंजचंही तसंच. आमच्याकडे टॉलरन्स डिझाइनवाला ठरवतो, त्याच्या बाहेरचा नग बसतच नाही. लॅबची रेंज बहुतेक वेळा धडधाकट लोकांचं रक्त मोजून काढतात आणि मधले पंच्याण्णव टक्के घेतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांतले शंभरातले पाच तिच्या बाहेरच असणार, ठरवूनच. त्यात एका सीबीसीत, म्हणजे असल्या रक्ततपासणीत, वीस-बावीस ओळी. एखादी ठळक झाली तर नवल नाही. शिवाय रेंज लॅबगणिक वेगळी, कुठे ०.५, कुठे १ पर्यंत चालतं. गरोदर बाईला हा आकडा आपोआपच वर असतो, नुकत्याच जन्मलेल्या बाळालाही. तोच २.४ एखादा ताप नसलेला, जखम नसलेला माणूस घेऊन आला असता तर मात्र मॅडम म्हणाल्या, मी त्याला इतक्या सहज घरी पाठवलं नसतं.

मी शेवटी तो शब्द उच्चारलाच. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे तो रक्ताचा कॅन्सर, असता तर मला या स्लाइडवर वेगळी जत्रा दिसली असती. काउंट बहुतेक वेळा कितीतरी वर, डावीकडच्या सगळ्याच पेशी मुक्काम ठोकून, बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पानथरी मोठी. तुमच्या बेसोफिल अर्धा टक्कासुद्धा नाहीत. तशी शंका आलीच तर नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीची तपासणी करतात, बीसीआर-एबीएल म्हणतात. "आणि काका, तो आजारसुद्धा आता गोळीवर आहे. पूर्वीसारखं नाही." ती गोळी म्हणजे इमॅटिनिब. तिच्या पेटंटचा निकाल सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला दिला तेव्हा पेपरात पानभर आलं होतं, मला आठवतं, वाचलं नव्हतं. आपल्याशी काय संबंध, असं वाटलं होतं.

संध्याकाळी शेरा आला, या वेळी शब्दांत: न्यूट्रोफिल वाढलेल्या, लेफ्ट शिफ्ट, टॉक्सिक ग्रॅन्यूल, ब्लास्ट दिसल्या नाहीत, संसर्गाशी सुसंगत, उपचारानंतर पुन्हा तपासावे. सीआरपी ९६. एचबीएवनसी ६.१. डॉक्टर म्हणाले, या सगळ्यात मला काळजी फक्त शेवटच्या आकड्याची वाटते. साखर उंबरठ्यावर आहे, आणि वहिनीचं पिठलं ठीक आहे, त्यावरचा गुळाचा खडा बंद. एचबीएवनसी ठळक अक्षरात छापलंही नव्हतं. त्या लॅबच्या कागदावर त्याला बाण नव्हता.

पाच दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. पेशी ९,६००. आयजी १.१. पुन्हा ठळक, पुन्हा बाण. पायाची लाली तोवर रेघेपासून चार बोटं आत गेली होती, कातडी सुकून पापुद्रे निघत होते, आणि तरी माझ्या पोटात कालवलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मार्चचं डिस्पॅच गेल्यावर पोरं दुसऱ्या दिवशी लगेच वर्गात जाऊन बसतात का?" ही उपमा त्यांच्यापर्यंत कशी पोचली ते मला अजून कळलेलं नाही. मॅडमनीच सांगितली असणार.

त्यानंतर बारा दिवसांनी तिसरा रिपोर्ट. पेशी ७,४००, आयजी ०.३. साध्या अक्षरात. बायकोने तिन्ही कागद तारखेवार लावून फाइलमध्ये ठेवले आणि पहिल्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'पाय, तार, इंजेक्शन'. पुढच्या वेळी कुणी डॉक्टरने विचारलं तर माझ्यावर विसंबायला नको म्हणून.

पायावरची बॉलपेनची रेघ मी आंघोळीत घासली नव्हती. ती आपोआपच पुसट झाली. भावाला फोन केला तेव्हा छाटणी उरकून नवे फुटवे दिसायला लागले होते. त्या तुटक्या तारेच्या टोकाला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधलाय. म्हणाला, "बाकीच्या मांडवात पण बघतो, अजून दोन-तीन निघाल्यात."